एरोबिक्स आणि आपलं शरीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅचमधले, ऑनलाइन क्लासवाले आणि "नुसतं विचारायचं होतं" म्हणून मेसेज करणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. सोपे आधी, किचकट नंतर. मी इन्स्ट्रक्टर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांच्या डोसबद्दल मला विचारू नका, पण गोळी घेताय हे मला सांगा मात्र नक्की.

१. एरोबिक्स म्हणजे म्युझिकवर उड्या मारणं एवढंच ना?

नाही हो. मांड्या, नितंब, पाठ असे मोठे स्नायू लयीत बराच वेळ हलत राहिले आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजन वापरून तयार झाली की ते एरोबिक. म्हणजे भरभर चालणं, सायकल, पोहणं हे पण त्यातच. हा शब्द घरोघरी पोचवला अमेरिकन एअर फोर्समधल्या डॉ. केनेथ कूपर यांनी, १९६८ साली, आणि त्यांचा भर धावणं-पोहणं-सायकल यावरच होता, म्युझिक आणि डान्स स्टेप्स त्यात नंतर आल्या. आता क्लासमध्ये आपण करतो ते हाय इम्पॅक्ट, लो इम्पॅक्ट, स्टेप (ठोकळ्यासारख्या पायरीवर चढ-उतर), अॅक्वा, डान्सवालं आणि इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असं आलटून पालटून) असे प्रकार. हृदयाला यातल्या प्रत्येकात साधारण एकच गोष्ट कळते, की स्नायूंना किती ऑक्सिजन हवाय. खरा फरक पडतो तो गुडघे, घोटे, हाडं आणि तोल यांना, म्हणून प्रकार निवडताना सांध्यांकडे बघायचं आणि जोर किती लावायचा हे दमावरून ठरवायचं. खालची बरीचशी उत्तरं याच्यावरच उभी आहेत.

२. सुरुवातीच्या पाच मिनिटांतच मरायला होतं आणि मग पुढचा अर्धा तास मी मस्त करते. असं का होतं?

कारण शरीराची ऑक्सिजनवाली यंत्रणा बटण दाबलं की सुरू अशी नाहीये. हालचाल सुरू झाल्यावर हृदय, श्वास, रक्तवाहिन्या हे सगळं मागणीला पुरं पडायला दोन-तीन मिनिटं लागतात, नवख्याला त्याहून जास्त. तोपर्यंत स्नायू साठवलेल्या इंधनावर आणि ऑक्सिजनशिवाय साखर फोडून काम भागवतात, त्यामुळे धाप लागते, पाय जड होतात. वॉर्मअपला उशिरा येणाऱ्यांना हे जास्त होतं आणि तेच म्हणतात की क्लास फार टफ आहे. वॉर्मअपची आठ-दहा मिनिटं फुकट घालवायला ठेवलेली नाहीत, एवढं लक्षात घ्या.

३. लो इम्पॅक्ट म्हणजे कमी मेहनत, म्हणजे म्हाताऱ्यांसाठी, बरोबर?

हा गैरसमज इतका पक्का आहे की पंचविशीतल्या मुली लो इम्पॅक्ट म्हटलं की तोंड वाकडं करतात. इम्पॅक्ट म्हणजे पाय जमिनीवर आपटताना बसणारा धक्का. लो इम्पॅक्टमध्ये एक पाय कायम जमिनीवर असतो, हाय इम्पॅक्टमध्ये दोन्ही पाय क्षणभर हवेत जातात आणि उतरताना वजनाच्या दोन-तीन पट जोर पायातून वर जातो. मेहनत ही वेगळी गोष्ट. ग्रेपवाइन घ्या, चार पावलं बाजूला. ते उभ्या उभ्या केलंत तर फिरायला गेल्यासारखं, पण तेच गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून, लांब पावलं टाकून केलंत आणि शेवटच्या पावलाला गुडघा छातीकडे उचललात तर मिनिटाभरात बोलणं तुटायला लागतं, पाय मात्र एकदाही हवेत गेलेला नसतो. उलट हलक्या हलक्या उड्या मारत राहिलात तर मेहनत बेताची आणि धक्के मात्र सगळे बसले. गुडघे नाजूक आणि वजन जास्त असेल तर लो इम्पॅक्ट पण जोरात, हे सगळ्यात चांगलं कॉम्बिनेशन.

मग हाय इम्पॅक्ट हवंच कशाला? हाडांसाठी. हाडाला धक्का बसला की ते स्वतःला मजबूत करतं, म्हणून तरुण वयात आणि चाळिशीपर्यंत थोड्या उड्या असाव्यात. हाडं आधीच ठिसूळ झाल्याचं रिपोर्टमध्ये आलं असेल तर मात्र विचारल्याशिवाय नाही.

४. हात डोक्यावर नेले की वॉचमध्ये ठोके एकदम वाढतात, मग जास्त फॅट जळतं का?

जळत नाही. हात खांद्याच्या वर धरून हलवत राहिलं की ठोके आणि बीपी वाढतं, पण त्या प्रमाणात ऑक्सिजनचा वापर वाढत नाही, कारण दंडाचे स्नायू मांड्यांच्या मानाने छोटे. हात सतत वर ठेवायला लावणारा क्लास आकड्यात भारी दिसतो, पण काम पायांनी केलेलं नसतं. बीपीवाल्यांनी तर हात खांद्याच्या खालीच ठेवावेत, मी तसं वेगळं दाखवते पण.

५. ठोके किती पाहिजेत मग? २२० वजा वय बरोबर का?

चालेल, पण ते ब्रह्मवाक्य नाही. ४५ वर्षांच्या बाईचे या हिशोबाने जास्तीत जास्त १७५ येतात, मध्यम व्यायामाला त्याच्या साधारण ६५ ते ७५ टक्के, म्हणजे ११५ ते १३० च्या आसपास. पण एकाच वयाच्या दोघींमध्ये हा जास्तीत जास्त आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो. शिवाय उतारवयात हे सूत्र आकडा कमी दाखवतं. २००१ साली आलेलं दुसरं सूत्र आहे, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, त्याने ६५ वर्षांच्या माणसाचे १६२ येतात, जुन्या सूत्राने १५५. मनगटावरची घड्याळं हातांच्या जोरदार हालचालीत आणखी गोंधळतात ते वेगळंच.

त्यापेक्षा बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जोरदार. शब्दच फुटत नाहीये, तर कमी करा. फुकट आहे आणि चार्जिंग लागत नाही. (बीपीची गोळी घेत असाल तर आकड्यांचं गणितच बदलतं, प्रश्न १६ बघा.)

६. स्टेपच्या पहिल्या क्लासनंतर दोन दिवस जिना उतरता आला नाही. लॅक्टिक अॅसिड साठलं का?

नाही, ते तर क्लास संपल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं. तुमचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं, त्यावरूनच कळतं की कारण दुसरं आहे.

स्टेपवर चढताना मांडीचा आणि नितंबाचा स्नायू आखडून तुमचं अख्खं वजन वर उचलतो, त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, म्हणून दम लागतो. उतरताना तोच मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावायचं काम करतो. या ब्रेकच्या कामाला दम कमी लागतो, पण स्नायूच्या धाग्यांना बारीक बारीक इजा त्यातच होते, सूज येते आणि २४ ते ७२ तासांत ते ठणकतं. म्हणून जिना चढता येतो, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो. चांगली गोष्ट ही की एकदा असं दुखून गेलं की पुढच्या वेळी तेवढाच क्लास केला तर खूपच कमी दुखतं, शरीर पहिल्याच फटक्यात शिकतं. त्यामुळे दुखतंय म्हणून महिनाभर गायब होऊ नका, नाहीतर परत पहिल्यापासून.

स्टेप हा प्रकारच गुडघ्याच्या दुखण्यातून आलाय. जिन मिलर नावाच्या अमेरिकन इन्स्ट्रक्टरचा गुडघा दुखावला होता, तो बरा करताना ती पायरीवर चढ-उतर करायची, त्यातून १९८९ च्या सुमारास हे उभं राहिलं. उंची ४, ६ किंवा ८ इंच असते. चार इंचावर नीट करणारी बाई आठ इंचावर धडपडणाऱ्या बाईपेक्षा जास्त कमावते, हे मी तोंडाला फेस येईपर्यंत सांगते.

७. पण स्टेपने गुडघे झिजतात असं सगळे म्हणतात.

धडधाकट गुडघे झिजत नाहीत, चुकीच्या पद्धतीने मात्र दुखायला लागतात. मी बघते त्या चुका नेहमीच्याच. पहिली, टाच स्टेपच्या बाहेर लोंबकळतेय, अख्खा तळवा वर टेकायला हवा. दुसरी, उतरताना मागे लांब उडी टाकणं, तिथे पाऊल स्टेपच्या जवळ, आधी चवडा मग टाच असं उतरायचं. तिसरी, उंची एवढी की चढताना गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकतोय. आणि एकाच पायाने चढत राहणं, त्यात त्याच गुडघ्यावर सगळा भार येतो, म्हणून मिनिटाभरात पाय बदलायचाच.

वाटीखाली आधीच दुखत असेल, गुडघ्यात कटकट आवाजासोबत सूज असेल, किंवा डॉक्टरांनी झीज सांगितली असेल तर स्टेप बाजूला काढून जमिनीवर किंवा पाण्यात करा (प्रश्न १०). नुसता आवाज येतो, दुखत काहीच नाही, तर त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही.

८. झुंबा वेगळं की हेच?

यंत्रणा हीच, चव वेगळी. कोलंबियातल्या बेटो पेरेझने नव्वदच्या दशकात सुरू केलेलं, साल्सा-मेरेंगे वगैरे तिकडच्या नाचांवरचं. गाणं फास्ट-स्लो होतं तसे ठोके वर-खाली होतात, त्यामुळे नकळत इंटरव्हल होऊन जातं. कंबरेची आणि बाजूच्या हालचालींची सवय नसेल तर पोटाच्या बाजूचे आणि मांडीच्या आतले स्नायू दुसऱ्या दिवशी हजेरी लावतात. एक धोका सांगते, रनिंगचे पकड असलेले शूज घालून गिरक्या घेतल्या तर तळवा जमिनीला चिकटून राहतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. आवडत्या गाण्यावर तेवढीच मेहनत कमी वाटते हे मात्र खरं आहे, म्हणून तर लोक टिकतात.

९. मंगळागौरीचे खेळ, लेझीम, ढोल-ताशा पथक, हे एरोबिक्समध्ये धरायचं का?

धरा की! मंगळागौरीच्या ग्रुपवाल्या बायका वीस-पंचवीस मिनिटं सलग खेळ करतात, त्यात झिम्मा बऱ्यापैकी स्थिर चालतो, आणि फुगडी किंवा बसफुगडी आली की ठोके एकदम वर. फुगडीत दम लागतोच, वर कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा पण ढवळून निघते, म्हणून थांबल्यावर घर फिरतं. रोज सराव करणारीला हे हळूहळू कमी होतं. बसफुगडी आणि कोंबडा हे प्रकार गुडघे पूर्ण दुमडून उड्या मारायचे, म्हणजे इम्पॅक्ट जास्त आणि कोन सगळ्यात वाईट. पन्नाशीच्या पुढच्यांनी त्यावेळी बाजूला उभं राहून टाळ्या वाजवल्या तरी चालतील.

लेझीम मस्तच, हात-पाय दोन्ही लयीत, बसणं-उठणं, शाळेत पीटीच्या तासाला केलेलं असतं त्यामुळे शिकवावं लागत नाही. ढोलात पायाची हालचाल कमी आणि कंबरेला बांधलेलं वजन जास्त, तिथे दम लागतो पण त्यातला बराच भाग वजन पेलण्याचा असतो, कंबर आणि खांदे आधी बोलतात.

फक्त श्रावण-भाद्रपदात दीड महिना आणि मग वर्षभर सोफा, असं केलं तर उपयोग नाही, का ते प्रश्न १४ मध्ये आहे.

१०. पाण्यात एरोबिक्स करताना ठोके वाढतच नाहीत. पैसे वाया जातायत का?

वाया नाही. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर छातीकडे ढकलतो, हृदय जास्त भरतं, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकलं जातं, मग तेवढ्याच कामाला ठोके कमी पुरतात. जमिनीवरच्या मानाने दहा-पंधरा ठोके कमी दिसतात. म्हणून पाण्यात घड्याळ काढून ठेवा आणि बोलून बघायची युक्ती वापरा.

कंबरेपर्यंत पाण्यात शरीराचं वजन साधारण निम्मं जाणवतं, छातीपर्यंत गेलात तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे झीज झालेल्या गुडघ्यांना आणि जास्त वजनाच्या माणसाला इथे मोकळेपणाने उड्या मारता येतात. मजा म्हणजे पाण्यात जितक्या वेगाने हात-पाय हलवाल तितका विरोध वाढतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट वेग केला तर चौपट. तळवे उघडे ठेवून पाणी ढकला, मग बघा. उतरतानाचा ब्रेक जवळजवळ नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी अंगही कमी दुखतं.

पण धक्का नाही म्हणजे हाडांना मिळायचा तो निरोपही नाही, म्हणून फक्त पाण्यावर राहू नका, चालणं जोडीला असू द्या. आणि पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, उथळ बाजूलाच असतं सगळं.

११. टबाटा करा, चार मिनिटांत तासाभराचं काम होतं, असं रीलमध्ये बघितलं.

इझुमी टबाटा या जपानी संशोधकाचा अभ्यास १९९६ चा. २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद आराम, असं सात-आठ वेळा. पण तो सायकलवर, तरुण आणि फिट मुलांवर होता, आणि जोर इतका की शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरून जेवढं काम करू शकतं त्याच्या १७० टक्के. आठवी फेरी संपताना माणूस कोलमडायला हवा. रीलमध्ये बाई हसत हसत करतेय ते टबाटाच्या टायमिंगमधलं साधं एरोबिक्स आहे, त्यात वाईट काही नाही, पण चार मिनिटांत तासाभराचं फळ त्यातून मिळत नाही.

इंटरव्हलचा खरा फायदा, कमी वेळात दमसास वाढतो. "क्लासनंतर दिवसभर फॅट जळत राहतं" हे मात्र फुगवून सांगितलेलं आहे, नंतर थोडा जास्त ऑक्सिजन लागतो हे खरं पण व्यायामात खर्च झालेल्या कॅलरीच्या तो छोटासाच भाग असतो. पहिले दोन महिने साधं करा, मग इंटरव्हल आठवड्यातून दोनदा, मध्ये दिवस सोडून.

१२. कुठल्या प्रकारात किती कॅलरी जातात? आणि फॅट बर्निंग झोन काय आहे?

साठ किलोच्या बाईचा पाऊण तासाचा ढोबळ हिशोब: लो इम्पॅक्टला सव्वादोनशे, पाण्यात त्याहून थोडं जास्त, हाय इम्पॅक्ट आणि सहा-आठ इंची स्टेपला सव्वातीनशे ते साडेतीनशे. यात तुम्ही नुसत्या बसून असतात तरी गेल्या असत्या त्या पंचेचाळीस कॅलरी पण धरलेल्या आहेत. वडापाव एकच खाल्ला तरी तीनशेच्या घरात जातो, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

हळू व्यायामात इंधनातला चरबीचा वाटा जास्त असतो आणि जोरात करताना साखरेचा, एवढंच त्या झोनमागचं खरं. पण वजन उतरतं ते दिवसभराच्या एकूण जमा-खर्चावर. हळू झोनचा खरा फायदा हा की तो जास्त वेळ आणि रोज झेपतो.

१३. सहा महिने झाले, आता दमच लागत नाही आणि वजनही अडकलंय. शरीराला सवय झाली का?

सवय झाली, आणि तीच तर हवी होती! आत काय काय झालं ते बघा. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे हृदय जास्त भरतं. मग काही आठवड्यांत प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकलं जायला लागतं, आणि सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी आधी ८० होती ती ७२ वर वगैरे येते. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, ऑक्सिजन वापरणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. घाम उलट लवकर सुटतो, कारण शरीर थंड ठेवायला हुशार झालेलं असतं. म्हणून "घाम जास्त येतो म्हणजे मी अनफिट" हे डोक्यातून काढा.

आता तेच रूटीन तुम्हाला स्वस्तात पडतं. हालचाली पाठ झाल्या, फालतू शक्ती जात नाही, वजन उतरलं असेल तर तेवढं कमी उचलावं लागतं. म्हणून काहीतरी एक वाढवा: दहा मिनिटं, किंवा स्टेपची उंची, किंवा एक दिवस इंटरव्हल. म्युझिकचा स्पीड मात्र शेवटी वाढवा, स्टेपमध्ये तर मिनिटाला १२८ बीट्सच्या वर गेलं की पाय अर्धवट पडायला लागतो.

आणि शेजारणीशी तुलना नको. अमेरिका-कॅनडात हेरिटेज नावाचा मोठा अभ्यास झाला होता, सगळ्यांना सारखाच २० आठवड्यांचा व्यायाम, तरी कोणाची ऑक्सिजन वापरायची क्षमता भरपूर वाढली आणि कोणाची जवळजवळ नाहीच, आणि हे घराण्याघराण्याने सारखं दिसलं. तुमच्या बहिणीला पण असंच होत असेल तर नवल नाही.

१४. गणपती आणि मग दिवाळी, मध्ये गॅप पडतोच. सगळं वाया जातं का?

आठ-दहा दिवसांनी फारसं काही बिघडत नाही, फक्त रक्तातलं वाढलेलं पाणी लवकर उतरतं म्हणून पहिल्या क्लासला दम जास्त लागतो. दोन-चार आठवडे पूर्ण बंद राहिलं की दमसास मोजण्याइतका खाली येतो. दोन-तीन महिन्यांत कमावलेलं बरंचसं जातं. पूर्ण बंद करण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पण जोरात केलं तरी बऱ्यापैकी टिकतं.

१५. गाणं संपलं आणि मी पाणी प्यायला थांबले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. बीपी लो आहे का?

बहुतेक नाही. व्यायामात पायांच्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात आणि पोटऱ्या प्रत्येक पावलाला रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलात की ढकलणं बंद, रक्त पायातच राहतं, मेंदूला कमी पडतं. म्हणून जागच्या जागी मार्च करत पाणी प्या आणि कूल डाउन (शेवटी हळूहळू वेग कमी करत थांबणं) सोडून बसची घाई करू नका. अंधारी आलीच तर खाली आडवं व्हा, खुर्चीत बसवून पंखा घालत बसू नका. व्यायाम चालू असतानाच चक्कर आली, किंवा छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, थंड घाम असं काही झालं तर मात्र हे उत्तर विसरा, थांबा आणि लगेच हॉस्पिटल.

१६. बीपीची गोळी चालू आहे. कितीही केलं तरी ठोके ११० च्या वर जात नाहीत.

गोळीच्या पाकिटावर मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल असं काही लिहिलंय का बघा. शेवटी "लोल" असलेल्या या गोळ्या ठोक्यांना वरून झाकण घालतात, तेव्हा प्रश्न ५ मधली दोन्ही सूत्रं तुमच्यासाठी बाद. आकडा गाठायच्या नादात स्वतःला रेटू नका, बोलून बघायची युक्ती इथे पण चालते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर असाल तर उन्हाळ्यात पाणी-मीठ लवकर कमी पडतं, पोटरीत गोळे येतात. आणि कूल डाउन बाकीच्यांपेक्षा लांब हवं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, क्लास चालू केलाय एवढं डॉक्टरांना सांगा.

१७. शुगर आहे. क्लासनंतर मोजली तर कधी उतरते, कधी चक्क वाढते!

दोन्ही बरोबर. मध्यम एरोबिक्समध्ये काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो, शुगर उतरते आणि हा परिणाम एक-दोन दिवस थोडाफार राहतो, म्हणून मध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. पण जोरदार इंटरव्हल केलं की अॅड्रेनलिन वाढतं, यकृत साखर सोडतं, आणि लगेच मोजलं तर आकडा वर दिसतो, तो तासा-दोन तासांत खाली येतो.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशी येऊ नये. क्लासआधी शुगर १०० च्या खाली असेल तर एखादं केळं खाऊन या, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हात थरथरणं, दरदरून थंड घाम, चिडचिड ही लक्षणं दिसली की आधी साखर, मग बाकी चर्चा. पायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी अजिबात नाही, रोज तळवे बघा.

१८. मी सव्वीसची, पुढच्या रांगेतल्या काकू साठीच्या. त्यांना दम लागत नाही आणि मला जिना चढतानाही लागतो.

काकू दहा वर्षं करतायत हा एक भाग झाला. दुसरा, एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. ऑक्सिजन नेणारी गाडी तीच, ती कमी असेल तर हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला, म्हणजे माझ्या बॅचमध्ये निम्म्याच्या आसपास असणारच. पाळी जास्त जाणाऱ्यांनी तर नक्की तपासा. व्यायाम वाढवून हे सुटत नाही.

१९. कसं विचारू कळत नाही, पण उड्या मारताना थोडी लघवी सुटते.

हा प्रश्न खाजगीत सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथे मुद्दाम घातलाय. उडीतून उतरताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या वयात, तेवढ्या वेगाने आवळत नाहीत. ते स्नायू मजबूत होईपर्यंत जम्पिंग जॅकच्या जागी बाजूला पाऊल टाका, दमात काही फरक पडत नाही (प्रश्न ३). पाणी पिणं कमी करू नका, त्याने त्रास वाढतो. त्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिका, दोन-तीन महिने नियमित केले तर बहुतेकींना फरक पडतो. "आता वय झालं" म्हणून पॅड लावून गप्प बसायची गोष्ट नाहीये ही.

२०. प्रेग्नंट आहे, क्लास चालू ठेवू का?

डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर लो इम्पॅक्ट किंवा पाणी, पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच. पोट वाढलं की तोल पुढे जातो, तेव्हा गिरक्या आणि स्टेप नको. चौथ्या महिन्यापासून पाठीवर फार वेळ झोपून करायचे प्रकार सोडा. रक्त जाणं, पाणी जाणं, पोट सारखं कडक होणं, धाप न थांबणं, यातलं काहीही झालं की थांबून लगेच फोन.

२१. नागपूरला मे महिन्यात आणि मुंबईला ऑक्टोबरमध्ये, दोन्हीकडे जीव जातो. जास्त वाईट कुठलं?

दोन्हीकडे त्रास वेगळा. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम लगेच उडून जातो, अंग थंड होतं, पण पाणी किती गेलं ते कळतच नाही. मुंबईत घाम गळतो पण सुकत नाही, आणि न सुकलेला घाम थंड करत नाही. दोन्हीकडे रक्त कातडीकडे वळतं, मेहनत तेवढीच असून ठोके क्लासच्या शेवटी शेवटी वाढत जातात. गरम हवेला शरीर सरावायला दहा-पंधरा दिवस लागतात, तेवढे दिवस जोर कमी ठेवा. दीड तास घाम गाळलात तर नुसतं पाणी नको, मीठ-साखर-लिंबू घाला. प्लास्टिकचा स्वेट सूट घालून येणाऱ्यांना मी परत पाठवते, त्याने फक्त पाणी जातं आणि उष्माघाताची सोय होते.

२२. नडगी दुखते. शूज बदलू की क्लास?

आधी जमीन बघा. सोसायटीच्या हॉलमध्ये फरशीखाली थेट काँक्रीट, त्यावर रोज हाय इम्पॅक्ट, हे नडगीला आवडत नाही. लाकडी फ्लोअर नसेल तर उड्या आठवड्यातून दोनच दिवस ठेवा, चवड्यावर उतरून टाच टेकवा, बाजूच्या हालचालीत घोटा धरून ठेवणारे शूज घ्या. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल तर दोन आठवडे पाणी किंवा सायकल. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी, रात्री पण दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, ऑर्थोपेडिककडे जा.

२३. उपवासाच्या दिवशी यायचं का?

चतुर्थी, सोमवार असा उपवास असेल आणि खिचडी-ताक-फळं चालत असतील तर या, फक्त खिचडीनंतर दोन तास जाऊ द्या आणि त्या दिवशी इंटरव्हल टाळा. रात्रीचं नीट जेवलेलं असेल तर सकाळी उपाशीपोटी चाळीस मिनिटांचं मध्यम एरोबिक्स धडधाकट माणसाला झेपतं, जोरदार करायला गेलं की इंधन कमी पडून हात-पाय गळतात. नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि रात्री गरबा असेल तर गरबा हाच तुमचा क्लास, सकाळी परत येऊ नका. हरतालिकेला किंवा कुठल्याही निर्जळी उपवासाला सुट्टीच घ्या, आणि शुगरच्या गोळ्यांवर असाल तर मुळात उपवास धरायचा का हे आधी डॉक्टरांना विचारा.